खालच्या ट्युनिंगसाठी तारा आणि गिटार: आधी ताणाचं गणित, मग खरेदी

ड्रॉप सी मध्ये (सगळ्यात जाड, सहावी तार सी स्वरापर्यंत उतरवून) वाजवायची लहर आली की बहुतेक जण आहे त्याच गिटारच्या खुंट्या उलट्या फिरवतात आणि तारा ढिल्या करून मोकळे होतात. मग सहावी तार लोळायला लागते, फ्रेटवर खडखडते, पॉवर कॉर्ड कधी सुरात तर कधी बेसूर. त्यावरून 'आपली गिटार यासाठी बनलेलीच नाही' असं ठरवून सात तारांच्या गिटारी बघायला सुरुवात होते. बऱ्याचदा हा खर्च फुकट जातो. माझं मत असं की सी पर्यंत, आणि जरा नेटाने बी पर्यंत, साधी सहा तारांची गिटार व्यवस्थित उतरते. अट एवढीच की तारा त्या स्वरांसाठी निवडलेल्या हव्यात आणि गिटार त्या तारांसाठी लावलेली हवी. म्हणून या लेखात नव्या गिटारचा विषय शेवटी ठेवला आहे.

१. ट्युनिंग कागदावर लिहा

'खाली ट्यून करतो' एवढ्याने भागत नाही. सहाही तारांचे स्वर जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत लिहून काढा. नेहमीचं स्टँडर्ड म्हणजे ई-ए-डी-जी-बी-ई. सगळ्या तारा दोन सेमीटोन (एक सेमीटोन म्हणजे एका फ्रेटचं अंतर) उतरवल्या की डी स्टँडर्ड: डी-जी-सी-एफ-ए-डी. त्यातली फक्त सहावी तार आणखी दोन सेमीटोन खाली नेली की ड्रॉप सी. ड्रॉप बी म्हणजे बी-एफ शार्प-बी-ई-जी शार्प-सी शार्प. बी स्टँडर्ड म्हणजे बी-ई-ए-डी-एफ शार्प-बी, आणि त्याची सहावी ए वर नेली की ड्रॉप ए.

लिहून काढण्याचा फायदा लगेच दिसतो. ड्रॉप सी मध्ये पाच तारा दोनच सेमीटोन उतरल्या आहेत, सहावी मात्र चार. दुकानात मिळणारे बहुतेक सेट सहाही तारा सारख्याच उतरतील असं धरून जुळवलेले असतात. त्यामुळे ड्रॉप ट्युनिंगमध्ये तक्रार जवळजवळ नेहमी एकाच तारेबद्दल असते, आणि उपायही पुष्कळदा एकच सुटी जाड तार एवढाच असतो.

दोन-तीन वेगवेगळ्या ट्युनिंगमध्ये वाजवत असाल तर सगळ्यात जास्त वेळ ज्यात जातो ते धरून चाला. एकच गिटार ई पासून बी पर्यंत रोज वरखाली करायची असेल तर कुठलाच सेट नीट बसणार नाही.

२. ताण समजून घ्या

तारेचा ताण तीन गोष्टींवर ठरतो: दर इंचाला तिचं वजन किती, तिची कंप पावणारी लांबी किती आणि स्वर कोणता. लांबी आणि कंपनसंख्या या दोन्हींचा वर्ग गणितात येतो, म्हणून थोडा बदलही मोठा परिणाम करतो. तार तीच ठेवून एक सेमीटोन उतरलात की ताण सुमारे ११ टक्के घटतो. दोन सेमीटोनला साधारण २१ टक्के, चार सेमीटोनला ३७ टक्के. सहा सेमीटोन उतरलात की बरोबर निम्मा उरतो.

आता आकडे घालून बघू. २५.५ इंच स्केलच्या (स्केल म्हणजे मोकळ्या तारेची कंप पावणारी लांबी) गिटारवर ४६ ची सहावी तार (म्हणजे ०.०४६ इंच जाडीची, गेजचे आकडे इंचाच्या हजाराव्या भागात असतात) ई वर असताना सुमारे १७.५ पौंड, म्हणजे जवळजवळ ८ किलो ताण धरते. तीच तार सी वर नेली की ११ पौंड, म्हणजे ५ किलो. हातात बसलेली सवय ८ किलोची आणि तारेत उरले ५ किलो, मग ती लोळणारच.

ढिल्या तारेचा खरा त्रास सुराचा असतो. पिक जोरात मारलं की तार रुंद झुलते, झुलताना ताणली जाते आणि पहिला क्षणभर स्वर चढा लागतो, मग खाली येऊन स्थिरावतो. ट्यूनर लावून हे स्वतः बघा: सहावी तार हलक्या हाताने छेडा आणि काटा मध्यावर आणा. आता गाण्यात मारता तेवढ्या जोराने मारा. काटा उजवीकडे उडी मारून हळूहळू परत येईल. ही उडी दहा-बारा सेंटच्या (सेंट म्हणजे सेमीटोनचा शंभरावा भाग) पुढे गेली तर माझ्या हिशेबाने ती तार त्या स्वराला बारीक पडते. वेगवान रिफमध्ये प्रत्येक स्वराचा तो पहिला क्षणच ऐकू येतो, स्थिरावायला वेळ मिळतच नाही. त्यात फ्रेटवर दाबतानाही ढिली तार बोटाखाली जास्त ताणली जाते, ते वेगळंच.

ताण जास्त म्हणजे चांगला, असंही धरू नका. ब्लॅक सॅबथ या बँडच्या टोनी आयोमीने कारखान्यातल्या अपघातात फ्रेट दाबायच्या हाताच्या दोन बोटांची टोकं गमावली. बोटांना सोसावं म्हणून तो बारीक तारा वापरायचा, आणि १९७१ च्या सुमारास त्याने गिटार तीन सेमीटोन खाली आणली. त्या सैल तारांवर त्याने वाजवलेल्या संथ, जड रिफ पुढे हेवी मेटलच्या पायाचे दगड ठरल्या. संथ वाजवणारा, बेंड (तार ओढून स्वर चढवणं) आणि व्हायब्रेटो जास्त घेणारा माणूस ताण थोडा कमी ठेवू शकतो. पाम म्यूट करून (तळहाताच्या कडेने तारा दाबून) भराभर पिकिंग करणाऱ्याला सहावी घट्टच लागते. आपण यातले कोण, हे ठरवूनच पुढे जा.

३. गेज काढा

सोपा हिशेब असा: ज्या सेटचा ताण तुमच्या हाताला पसंत आहे तो आधार धरा. जितके सेमीटोन उतरायचं तितक्या वेळा गेजला १.०६ ने गुणा. ताण साधारण तोच राहतो.

१० ते ४६ चा सेट ई स्टँडर्डमध्ये आवडत असेल तर डी साठी ४६ च्या जागी ५२ येते, सी साठी ५८, बी साठी ६१-६२, ए साठी ६९. वरच्या बाजूला डी साठी १० ची ११ होते, सी साठी १२-१३, बी साठी १३-१४. गुंडाळलेल्या तारांमध्ये गाभ्याची जाडी कंपनीगणिक बदलते, त्यामुळे एक-दोन आकडे इकडेतिकडे होतील. अचूक ताण हवा असेल तर तारा बनवणाऱ्या काही कंपन्या त्यांच्या प्रत्येक तारेचं दर इंची वजन छापतात, ते बघा.

तयार सेटमध्ये बोलायचं तर डी स्टँडर्डला ११ ते ४९ छान बसतो, ड्रॉप डी साठी १० ते ५२. ड्रॉप सी साठी ११ ते ५६ ही माझी पहिली शिफारस: वर डी च्या तारा, खाली सी झेपणारी तार. सी स्टँडर्डला १२ ते ५६ किंवा ६०. ड्रॉप बी ला १२ ते ६०-६२. बी स्टँडर्डला १३ ते ६२, आणि ड्रॉप ए ला खालची ६८-७०. हे सगळं २५.५ इंच स्केल धरून आहे. २४.७५ इंची गिटारवर त्याच तारेचा ताण सुमारे ६ टक्के कमी भरतो, तेव्हा खालच्या तारांना दोन-तीन आकडे वाढवा.

'एवढी जाड तार लावली तर नेक वाकेल ना?' हा प्रश्न हमखास येतो. ६० ची तार सी वर साधारण १९ पौंड ताणते, म्हणजे ई वरच्या ४६ पेक्षा किंचितच जास्त. नेकला तार जाड आहे की बारीक हे कळत नाही, ताण कळतो. धोका उलटा आहे: तीच ६० ची तार कोणी चुकून ई वर चढवली तर ताण ३० पौंडांच्या घरात जाईल. गिटार दुसऱ्याच्या हाती देताना हे सांगून ठेवा.

तिसऱ्या तारेवर जरा थांबू या. नेहमीच्या सेटमध्ये ती गुळगुळीत, एकसंध पोलादी तार असते. १७-१८ पर्यंत ठीक. २० च्या पुढे मात्र ती ताठ कांबीसारखी वागायला लागते: स्वर बोथट, वरचे हार्मोनिक्स किंचित चढे, आणि बाराव्या फ्रेटवर इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही स्वर सुरात लागणं) जुळवता जुळवता नाकी नऊ येतात. सी आणि त्याखाली कॉर्ड बरेच वाजवत असाल तर गुंडाळलेली तिसरी घ्या, २० ते २४ मधली. तिचा गाभा बारीक असतो, त्यामुळे ती लवचीक राहते आणि सुरात बसते. बेंड मात्र कमी येतो, कारण तेवढ्याच ओढीला स्वर कमी चढतो. सोलो तिसऱ्या तारेवर फिरत असतील तर साधीच ठेवा आणि कॉर्डमधली थोडी बेसूर सोसा. दोन्ही हवं असेल तर मार्ग नाही.

धातूबद्दल थोडक्यात. निकेलचा मुलामा दिलेलं पोलाद हे सगळ्यात प्रचलित आणि बिनधोक. शुद्ध निकेल मऊ वाजतं, खालच्या स्वरांत गढूळपणा वाढवतं. स्टेनलेस स्टील सगळ्यात चकचकीत, खालच्या तारांचे स्वर वेगळे ऐकू येतात, पण बोटाखाली खरखरीत लागतं. जाड तार जुनी झाली की सगळ्यात आधी तिची धार जाते, तेव्हा ड्रॉप ए मध्ये आवाज चिखल वाटत असेल तर अ‍ॅम्पला हात लावण्याआधी तारा किती जुन्या आहेत ते आठवा.

४. तारा चढवताना

नवी जाड तार नटच्या (हेडस्टॉकपाशी तारा ज्या खाचांच्या पट्टीवर टेकतात तिच्या) जुन्या खाचेत बसेलच असं नाही. ४६ साठी कापलेल्या खाचेत ६० ची तार वरच्यावर तरंगते. याची खूण कानाला कळते: खुंटी फिरवताना काहीच होत नाही, मग एकदम 'टिंग' आवाज येतो आणि स्वर उडी मारतो. दुसरी खूण अशी की मोकळी तार सुरात असते, पण पहिल्या-दुसऱ्या फ्रेटवरचे स्वर चढे लागतात, कारण तार उंच बसल्याने दाबताना ती जास्त ओढली जाते.

खाच रुंद करायला नटसाठीच्या गोल कडेच्या कानशी मिळतात. खाच तारेपेक्षा दोन-तीन हजारांश इंच रुंद हवी. कानस हेडस्टॉककडे किंचित उतरती धरा, म्हणजे तारेचा शेवटचा आधार फ्रेटबोर्डकडच्या कडेलाच मिळतो. तो मागे सरकला तर मोकळी तार सतारीसारखी झणझणते. आधी रुंदी वाढवा, खोली अगदी शेवटी. दोन-चार घासांनंतर तार बसवून बघा, परत काढा, परत घासा. खोल गेलेली खाच सहज भरून येत नाही, म्हणून हात धजत नसेल तर हे काम कारागिराकडे द्या. परत बारीक तारांवर यायचा विचार असेल तर जुना नट जपून ठेवा आणि नव्यावर काम करा.

खुंटीच्या भोकातून ७० च्या आसपासची तार कधीकधी जात नाही. काही जाड तारांचं टोक मुद्दाम निमुळतं केलेलं असतं, तशी शोधा. साधी तार असेल तर आधी खुंटीपाशी काटकोनात मुडपा आणि मगच जास्तीचा भाग तोडा, नाहीतर वरचं गुंडाळण सैल होऊन तार मुकी होते. ट्यून-ओ-मॅटिक ब्रिज असेल तर सॅडलच्या (ब्रिजवर तार ज्या तुकड्यावर टेकते त्याच्या) खाचाही बघून घ्या, नटसारखीच अडचण तिथेही येते.

फ्लॉइड रोझसारखा तरंगता ब्रिज असेल तर धीर धरा. एका तारेचा ताण बदलला की बाकी पाचही हलतात. ताण एकूण वाढला तर ब्रिज पुढे झुकतो, तेव्हा मागच्या स्प्रिंगच्या पट्टीचे स्क्रू कसा किंवा एक स्प्रिंग वाढवा. घटला तर उलट. ट्युनिंग वरचेवर बदलणाऱ्याने ब्रिजमागे लाकडाचा ठोकळा बसवून तो स्थिर करावा हे बरं.

५. सेटअप: नेक, उंची, इंटोनेशन, याच क्रमाने

सगळ्या तारा तुमच्या ट्युनिंगला आणा आणि एक दिवस तशाच राहू द्या. मग पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा, नेक जिथे बॉडीला जुळते तिथे सहावी तार दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार व फ्रेट यांच्यातली फट बघा. ०.२ ते ०.३ मिलिमीटर असावी. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) उजवीकडे, कमी किंवा शून्य असेल तर डावीकडे. एका वेळी पाव फेरा, जास्त नाही, आणि दर वेळी परत ट्यून करून मोजा. गेज ताणाच्या हिशेबाने निवडलं असेल तर इथे फारसं काम निघतही नाही.

बाराव्या फ्रेटवर तारेची उंची सहाव्या तारेला २ मिलिमीटर, पहिल्या तारेला १.६ च्या आसपास ठेवून सुरुवात करा. खालच्या स्वरांची तार रुंद झुलते, त्यामुळे ई स्टँडर्डमध्ये चालणारी अगदी कमी उंची इथे चालत नाही. पिकअपही सहाव्या तारेकडून थोडा खाली घ्या, नाहीतर चुंबक तारेला ओढतो आणि स्वर थरथरतो.

इंटोनेशनला सगळ्यात जास्त वेळ द्या. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, बोट नुसतं टेकवून छेडलेला स्वर) आणि तिथेच दाबलेला स्वर जुळले पाहिजेत. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे, उतरा असेल तर पुढे. जाड तारेला सॅडल बरंच मागे न्यावं लागतं आणि कधीकधी स्क्रू संपतो. अशा वेळी सॅडलमागची छोटी स्प्रिंग काढून किंवा कापून दोन-तीन मिलिमीटर मिळतात. ट्यून-ओ-मॅटिकमध्ये सॅडल उलटं बसवूनही थोडी जागा निघते. एवढं करूनही स्वर चढाच राहिला तर ती तार त्या स्केलला जाड आहे. एक गेज खाली या किंवा पुढचा भाग वाचा. ट्यूनर खालचा स्वर पकडत नसेल तर नेककडचा पिकअप निवडा, टोनचं बटण उतरवा आणि बाराव्या फ्रेटच्या हार्मोनिकवर ट्यून करा.

अ‍ॅम्पबद्दल एवढंच: गेन नेहमीपेक्षा कमी, आणि डिस्टॉर्शनच्या आधी खालचा बास कापा.

६. नवी गिटार कधी

बी च्या खाली कायमचं जायचं असेल तेव्हा. तिथून पुढे तार जाड करत राहण्याला मर्यादा येते: तार जितकी जाड आणि लांबी जितकी तोकडी, तितकी ती ताठ वागते, हार्मोनिक्स मूळ स्वरापासून सुटतात आणि ऐकू येतो तो स्वर कमी, ठोका जास्त. इथे लांबी वाढवणं हाच उपाय.

स्केलचंही सोपं गणित आहे. २५.५ वरून २७ इंचांवर गेलात की त्याच तारेला त्याच स्वरावर सुमारे १२ टक्के जास्त ताण मिळतो, म्हणजे जवळजवळ बरोबर एक सेमीटोनची कमाई. पूर्ण एका टोनसाठी, म्हणजे दोन सेमीटोनसाठी, २८.६ इंच लागतात. म्हणून २७ इंच काही जादू करत नाही, पण ड्रॉप ए ला ६९ च्या ऐवजी ६४-६५ ची तार चालते आणि तेवढ्यानेही स्वर मोकळा होतो. मोबदल्यात फ्रेट लांब लांब जातात आणि पहिल्या चार फ्रेटवरच्या कॉर्डना बोटं ताणावी लागतात.

बॅरिटोन (लांब स्केलची, खालच्या स्वरांसाठीची गिटार) की सात तारांची, हा निर्णय माझ्या मते तारांच्या संख्येवर ठरवू नये. वरची ई तारही हवी आणि खालची बी पण, असं असेल तर सात तारा घ्या. १९९० मध्ये गिटारवादक स्टीव्ह वायसोबत आलेल्या इबानेझ युनिव्हर्सपासून ही मांडणी रुळली. वरच्या ई ची गरजच पडत नसेल तर २७ ते २८ इंची सहा तारांची बॅरिटोन घ्या: नेक अरुंद राहते, म्यूट करायला एक तार कमी, आणि हाताची सगळी जुनी सवय जशीच्या तशी चालते.

आठ तारांमध्ये सगळ्यात खाली एफ शार्प येते, ४६ हर्ट्झच्या जवळ. २७ इंचांवर तिला ७४ ते ८० ची तार लागते. मेशुगा बँडसाठी काढलेल्या इबानेझ एम८एम ला २९.४ इंच स्केल दिलं, ते उगाच नाही. त्याखाली ई वर गेलात की बास गिटारच्या क्षेत्रात पाऊल पडतं. फेंडरने १९६१ मध्ये काढलेली सहा तारांची बास सिक्स ३० इंची आणि बरोबर एक सप्तक खाली होती. बँडमध्ये बास वाजवणारा असेल तर त्या जागेत दोघांनी गर्दी करायची का, हे त्याच्याशीही बोलून घ्या.

तिरक्या फ्रेटची, म्हणजे मल्टिस्केल गिटार हा मधला मार्ग. राल्फ नोव्हॅकने या रचनेचं पेटंट १९८९ मध्ये मिळवलं. खालच्या तारा लांब, वरच्या आखूड, त्यामुळे सहावी घट्ट राहते आणि पहिली बेंडला सोपी. सपाट फ्रेटच्या २८ इंची गिटारवर वरच्या तारा नको तितक्या ताठ होतात, ती अडचण इथे येत नाही. फ्रेटची तिरपी मांडणी दिसायला भीती घालते, पण हात लवकर रुळतो. चौथ्या-पाचव्या फ्रेटच्या खाली बॅरे कॉर्ड धरताना मात्र मनगट तपासून घ्या.

दुकानात गिटार बघताना ती बारीक तारांवर आणि स्टँडर्डमध्ये लावलेली असेल. तिथल्या तिथे तारा ढिल्या करून निकाल देऊ नका. त्यापेक्षा या गोष्टी बघा: सहाव्या तारेच्या सॅडलला मागे जायला किती जागा उरली आहे, ट्रस रॉड दोन्ही बाजूंना फिरतो का, ब्रिज स्थिर आहे का, आणि स्केल छापील माहितीत दिलं आहे तेवढंच आहे का. शेवटचं मोजायला नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंतचं अंतर दुप्पट करा. मल्टिस्केलवर हे माप पहिल्या आणि शेवटच्या तारेखाली वेगवेगळं घ्यावं लागतं. गिटार २८ इंचांच्या पुढची किंवा हेडस्टॉक उलटा असेल तर साध्या सेटची तार खुंटीपर्यंत पोचते का तेही बघा, कारण खुंटी लांब गेली की तोकडी तार दोन वेढेही घेत नाही आणि बॅरिटोनसाठीच्या लांब ताराच घ्याव्या लागतात.